अपेंडिक्स नव्हतं ते

आधी नाव सांगते. माझं नाही, ऑपरेशनचं. माझ्या दोन्ही गर्भनलिका काढल्या. डॉक्टर आणि नर्स त्यांना नुसतं 'ट्यूब' म्हणतात, माझी सासू 'नळ्या' म्हणते, आणि माझा नवरा बरेच दिवस त्यांना काहीच म्हणत नव्हता. ज्यांच्यापुढे हेच ऑपरेशन येऊन ठेपलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. वैद्यकीय माहिती तुम्हाला डॉक्टर देतील, नाही दिली तर भांडून घ्या. मी बाकीचं सांगते. बाकीचं म्हणजे मुख्यतः हेच, की आम्ही त्याला अपेंडिक्स म्हटलं आणि त्यापायी काय झालं.

खिडकीशी धरलेली फिल्म

मला मुळात एका जागी बसवत नाही. फोनवर बोलताना मी खोलीभर फिरते, टीव्ही बघताना कपड्यांच्या घड्या घालते. अशा बाईला आयव्हीएफ करायला लावणं म्हणजे शिक्षाच. इंजेक्शन घ्या आणि थांबा, तपासणी करा आणि थांबा. दोन प्रयत्न फसले. मग डॉक्टर संधूंनी गर्भाशयात रंग सोडून काढतात तो एक्स-रे काढायला लावला.

डॉक्टर संधू साठीच्या असतील. चष्मा कायम डोक्यावर, आणि बोलणं आपल्या आत्याने बोलावं इतकं सरळ. त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. "देखो बेटा, ये राइट वाली तो गई. सूजी हुई है, पानी भरा है. यही पानी रिस-रिस के अंदर जाता है और बच्चे को टिकने नहीं देता. इसको निकालना पड़ेगा."

"और लेफ्ट?"

"लेफ्ट पे मुझे शक है. अंदर जाके ही पता चलेगा."

मी मान डोलावली, थँक्यू म्हटलं आणि बाहेर पडले. क्लिनिक मोहालीत, गाडी समोरच्या बाजारात उभी होती, पण गाडीत बसवेना. फिरत राहिले. एका हातगाडीवरून किलोभर मटार घेतले, घरी फ्रिजमध्ये दोन किलो असताना. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. मूल हवं म्हणून मूल येण्याची वाटच काढून टाकायची, हा कुठला हिशेब? लग्नाला अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत उपचार चालू असोत वा नसोत, दर महिन्याला मनाचा एक कोपरा म्हणायचा, कोण जाणे, या वेळी आपलं आपण होईलही. दोन्ही ट्यूब गेल्या की तो कोपरा कायमचा बंद. आयव्हीएफला त्या लागत नाहीत हे मला माहीत होतं. क्लिनिकमध्ये आमचा एक गर्भ गोठवून ठेवलेला होता. तरीही डावी राहावी असं मला फार, फार वाटत होतं.

दुर्बिणीचंच आहे

नवरा, संग्राम, मेजर आहे. तेव्हा तो उत्तरेला वर कुठेतरी होता, जागेचं नाव तो फोनवर सांगत नाही. मी चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत, क्वार्टरमध्ये एकटी. फौजी बायकांना हे नवं नाही. गॅस संपला, पाइप फुटला, गाडी बंद पडली, सगळं आपण बघायचं आणि रविवारी फोनवर 'इकडे मजेत' म्हणायचं.

ऑपरेशनची तारीख त्याला सांगितली तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, "आईला काय सांगायचं?"

"जे आहे ते."

"नको गं. आधीच तिचं तुझ्यामागे नवस, उपास चाललेलं असतं. त्यात हे. अपेंडिक्स सांगू. पोटाचंच आहे, दुर्बिणीचंच आहे, दोन दिवसांत घरी."

मला ते पटलं असं नाही, पण सोयीचं वाटलं. कॅन्टोन्मेंटच्या हॉस्पिटलला जायचंही मी याच कारणाने टाळलं होतं. तिथे ओपीडीच्या बाकावर बसलं की शेजारी कुणा ओळखीच्या ऑफिसरची बायको असणारच, आणि संध्याकाळपर्यंत क्वार्टरांच्या अख्ख्या लाइनीला तुमच्या पोटाची खबर. मोहालीत मला कुणी ओळखत नव्हतं.

संग्राम येणार होता. मग नाही येणार असं ठरलं. एका वेळी ठरावीकच ऑफिसर रजेवर जाऊ शकतात, आणि दुसऱ्या एकाच्या वडिलांचं बायपास होतं. "पुढच्या महिन्यात करू या का?" त्याने विचारलं.

"संग्राम, मला आणखी एक महिना या ट्यूब घेऊन घरात फिरायचं नाहीये."

"बरं. मग आईला पाठवतो. आणि ऐक, डावी ठेवायला सांग. एक तरी राहू दे. कोण जाणे, आपलं आपण..."

म्हणजे त्याच्याही मनात तसलाच कोपरा होता. मी हो म्हटलं.

आत्याबाई

सासूला मी आत्याबाई म्हणते, आमच्या साताऱ्याकडची पद्धत. जानेवारीतल्या धुक्यामुळे त्यांचं विमान तासन्‌तास उशिरा आलं. त्यांचा हा पहिलाच विमानप्रवास. बाहेर आल्या त्या स्वेटरवर शाल, शालीवर मफलर आणि हातात ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, जणू पंजाबात धान्यच पिकत नाही.

गाडीत बसल्या बसल्या सुरू झाल्या. "आमच्या धाकल्या दिराचं अपेंडिक्स फुटलंच व्हतं बग. जरा उशीर झाला आसता तर गेला व्हता. पोट लय दुखतं का गं?"

"थोडं थोडं." माझा हात पोटाच्या डाव्या बाजूला गेला.

"आन् उजवीकडं न्हवं? डावीकडं दुखतंय का?"

मी गाडीचा हॉर्न वाजवला. पुढे कुणीही नव्हतं.

माझा बेत साधा होता. आत्याबाई घरी राहतील, स्वयंपाक करतील, आणि ऑपरेशन थिएटरच्या दाराशी शेजारच्या गिल भाभी थांबतील. भाभींनाही मी अपेंडिक्सच सांगितलं होतं, पण त्या शेजारीण, डॉक्टर त्यांना काही सांगणार नाहीत. आदल्या संध्याकाळी हा बेत आत्याबाईंपुढे मांडला. त्यांनी परातीतला हात तसाच ठेवला.

"मी काय भाकऱ्या थापायला एवढ्या लांब आलीय व्हय? सून आत आन् मी घरात? दारात घरचंच मानूस पायजे."

पुढे बोलायची सोयच नव्हती. त्या रात्री झोप येईना म्हणून मी सगळ्या कपाटांच्या फळ्यांवर अंथरलेले कागद बदलले.

गश्त

हॉस्पिटलात तुमच्या अंगावरून तुमचं एकेक काढून घेतात. मंगळसूत्र, बांगड्या, टिकली, नखांचा रंगसुद्धा. पाठीमागे बंद बांधायचा हिरवा गाऊन घातला की मेजरची बायको आणि भाजीवालीची सून दिसायला सारख्याच. एका अर्थी बरं वाटतं. मला बरं वाटत नव्हतं ते वाट बघण्याचं. हातात सलाइनची सुई टोचलेली, आणि मी कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेवटी नर्स वैतागली. "मैडम जी, बैठ जाओ. आप तो गश्त लगा रहे हो."

आत्याबाई बाकावर बसून जप करत होत्या आणि मधूनच माझ्याकडे बघत होत्या. अपेंडिक्ससाठी इतकं कुणी फिरत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

डॉक्टर संधू आल्या. "माता जी, दो मिनट बाहर," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. "बोलो बेटा. लेफ्ट का क्या करना है?"

"रख दीजिए."

"ये तुम बोल रही हो कि मेजर साहब?"

राग आला त्यांचा. आपल्याला नको असलेला प्रश्न बरोबर विचारणाऱ्या माणसाचा येतो तसा.

"अच्छी निकली तो छोड़ दूँगी, वादा," त्या म्हणाल्या. "लेकिन खराब निकली और तुम्हारे कहने पे छोड़ दी, तो वही पानी, वही चक्कर. फिर यहीं मिलेंगे. बाहर मैं किसी से नहीं पूछूँगी. शरीर तुम्हारा है."

मी म्हटलं, थोडं चालून सांगते. त्या हसल्या नाहीत, घड्याळही बघितलं नाही. खुर्चीत बसून राहिल्या. त्या एवढ्याशा खोलीत मी खिडकी ते पलंग अशा फेऱ्या मारल्या आणि त्या तेवढा वेळ गप्प होत्या. या सगळ्या काळात माझ्यावर कुणी केलेले जे काही थोडे उपकार आहेत, त्यांत हा सर्वांत मोठा.

चालता चालता मला दिसलं की डावी राहावी असं मला वाटतंय, पण ती राहिली तर पुढचा प्रत्येक महिना मी अशीच फिरत काढणार आहे. वाट बघत. आणि मला वाट बघण्याचा शिसारी येईस्तोवर कंटाळा आला होता.

"खराब हो तो दोनों निकाल दीजिए," मी म्हणाले. म्हटल्याबरोबर मला भीती वाटली. सुरीची भीती नव्हती ती. संग्रामला दिलेला शब्द मी त्याच्या पाठीमागे मोडला होता, आणि तरीही मला सुटल्यासारखं वाटत होतं, त्याची भीती.

ट्रे

शुद्धीवर येताना मी हिंदीत एकच विचारत होते म्हणे, "एक या दो? एक या दो?" नर्स म्हणाली, डॉक्टर बताएँगे. तिने ओल्या कापसाने माझे ओठ पुसले. पोटापेक्षा खांदा जास्त दुखत होता. पोटात भरलेल्या गॅसमुळे तसं होतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते. घाबरू नका.

खोलीत आणलं तेव्हा आत्याबाई पलंगाशी बसलेल्या होत्या. हात मांडीवर, पदर डोक्यावर. संधू मॅडम पुढच्या ऑपरेशनला गेल्या होत्या. माझ्याने थांबवेना, आणि खोटं तर चालू ठेवायला हवं. मी विचारलं, "अपेंडिक्स निघालं का?"

"दोन्ही निघाल्या," आत्याबाई म्हणाल्या.

मी डोळे मिटले. दोन्ही. बस. एवढंच.

इकडच्या दवाखान्यांची रीत मी विसरले होते. आतून काही काढलं की ते थिएटरच्या दाराशी घरच्या माणसाला दाखवतात, म्हणजे मागाहून शंका नको. मग तेच एका डबीत औषधी पाण्यात घालून घरच्याच माणसाच्या हाती देतात, तळमजल्यावरच्या लॅबमध्ये नेऊन द्यायला. इतके महिने विचार करकरून मी ऑफिसरांच्या बायका टाळल्या, ओळखीचं हॉस्पिटल टाळलं, आणि ज्या एका बाईपासून लपवायचं तिलाच दाराशी उभं केलं.

"डॉक्टरीणबाईंनी ट्रे म्होरं केला," आत्याबाई सांगू लागल्या. "त्यात ह्या दोन. मी म्हनलं, मॅडम, अपेंडिक्स कवापास्नं दोन व्हायला लागली? त्या माझ्याकडं बघत्यात, मी त्यांच्याकडं. मग त्यांनी समदं नीट सांगितलं. हिंदीत सांगितलं, पन कळलं मला. डबी पदराखाली धरून खाली नेली. लोक बघाया नकोत म्हनून. लिफ्टमदी लय गर्दी व्हती, मी आपली जिन्यानं गेले."

त्यांचा गुडघा दुखतो. जिना त्या चढत-उतरत नाहीत.

"मला काय यडी समजता व्हय तुम्ही दोघं?" आवाज चढला. "साऱ्या गावात सांगून आले, सुनंचं अपेंडिक्स, सुनंचं अपेंडिक्स. तीन बायकांनी मला पथ्यपानी सांगितलंय!"

मला हसू आलं आणि हसल्याबरोबर टाके असे ओढले की रडू आलं. मग नुसतंच रडू. संग्रामला डावी हवी होती, मी मॅडमना काढायला सांगितलं, तेही सांगून टाकलं. आत्याबाईंनी माझ्या कपाळावरचे केस मागे सारले.

मग म्हणाल्या, "त्याला मी सांगते. डॉक्टरांनी कुनाला न इचारता काढल्या म्हनून. तुज्यावर यायला नको."

प्रेमानेच म्हणाल्या त्या, हे मला माहीत आहे. आमच्या घरात सगळं खोटं प्रेमानेच बोललं जातं.

"नको आत्याबाई," मी म्हटलं. "मीच सांगते."

फोन

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन लागला. बरी आहेस ना, दुखतंय का, आई नीट आहे ना. मग, "डावी?"

"काढली. खराब होती. खराब असेल तर काढा असं मीच सांगितलं होतं."

"मला विचारायचं तरी."

"तू इथे असतास तर विचारलं असतं."

"रजा नाही मिळाली गं. माहितीये तुला."

आत्याबाईंनी हात पुढे करून फोन घेतला. स्पीकर चालूच होता. "संग्राम, साहेबाला तू काय सांगितलं व्हतंस? रजा कशासाटनं मागितलीस?"

त्याने घसा खाकरला.

"बोल की."

"...अपेंडिक्स."

मी आत्याबाईंकडे बघत राहिले. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं हे. फौजी बायका रजेचं कारण विचारत नाहीत. नाही म्हणजे नाही, एवढंच आम्हाला कळतं. त्याने स्वतःच्या साहेबालाही अपेंडिक्स सांगितलं होतं, आणि अपेंडिक्सपुढे कुणाचंही बायपास मोठंच ठरणार.

"त्या साहेबाच्या जागी मी आसते तर मीबी दिली नसती," आत्याबाई म्हणाल्या. "अपेंडिक्ससाटनं कोन रजा देतं रं? आत्ता जा आन् खरं सांग."

"आई, असं कसं सांगणार? बायकोचं असलं..."

"मी ट्रेमदी बघितलं, हातात धरून जिना उतरले. तुला नुस्तं तोंडानं सांगायचंय."

फोन ठेवून त्यांनी तो माझ्या उशीशी सरकवला आणि डब्यातली पेज ओतायला घेतली.

मला खूप राग आला होता. त्याच्यावर, माझ्यावरही. थिएटरच्या दाराशी तो असू शकला असता. एका शब्दापायी नव्हता.

घरी

घरी आल्यावर आत्याबाईंनी गुपित ठेवणं एकदम बंद केलं. गच्चीवर कपडे वाळत घालताना पलीकडच्या गिल भाभींना त्यांनी मोठ्याने सांगितलं, "अपेंडिक्स नहीं था बेटी. नळियाँ निकाली, दोनों. बच्चे का इलाज चलता है ना." मी आत बिछान्यात कानकोंडी होऊन पांघरूण ओढून घेतलं. आता ही खबर कुठे कुठे जाणार!

कुठे गेली ते मला आजही माहीत नाही. भाभी मात्र दुपारी मेथीची जुडी घेऊन आल्या, माझ्या पलंगाशी खुर्ची ओढली आणि निवडत बसल्या. 'सब ठीक हो जाएगा' म्हणाल्या नाहीत. "दर्द किधर है? कंधे में? मुझे भी हुआ था सिजेरियन के बाद," एवढंच. किती हलकं वाटलं म्हणून सांगू. इतके दिवस पोटात दुखतंय म्हणून खोटी जागा दाखवत होते मी सगळ्यांना.

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. मी घरातल्या घरात फिरत होते आणि आत्याबाई ओरडत होत्या. तो गोठवलेला गर्भ अजून तिथेच आहे. तो रुजेल की नाही मला माहीत नाही, आणि हे लिहितानाही मी मध्ये तीनदा उठले आहे. ज्यांना वाटतं ऑपरेशनने जीव शांत होतो, त्यांची मी निराशा करते. माझा झाला नाही. एक जुनी धाकधूक गेली, नवी आली.

संग्रामने खरं सांगितलं. साहेब म्हणाले, हे आधी सांगायला काय झालं होतं? रजा मिळाली.

तो आला तेव्हा दुपारचं ऊन खोलीत पसरलं होतं. मी भांडण पूर्ण तयार करून ठेवलं होतं, वाक्यं पाठ होती. तो दारात बूट काढत बसला, नको इतका वेळ. मग आत येऊन उभा राहिला.

"किती खराब होती?" त्याने विचारलं.

"आतड्याला चिकटली होती. मॅडम म्हणाल्या, तिचा काही उपयोग नव्हता. बरीच वर्षं नसावा."

"बरीच वर्षं," तो म्हणाला. म्हणजे त्याच्या त्या कोपऱ्याने इतकी वर्षं जिच्या भरवशावर वाट बघितली, ती आधीच गेलेली होती. माझ्याही. माझी पाठ केलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"बरं केलंस," तो म्हणाला, आणि हात धुवायचे आहेत म्हणून बाथरूममध्ये गेला. आतून पाण्याचा आवाज येत राहिला. हात धुवायला इतकं पाणी लागत नाही.

आत्याबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, बाथरूमच्या दारावर थाप मारली. "पानी बंद कर, संग्राम. रडायचंय तर भाईर येऊन तिच्यापाशी बसून रड."

पाणी थांबलं. तो बाहेर आला, तोंड ओलं, पुसलेलंही नाही. माझ्या पलंगावर बसला आणि आईच्या देखत रडला. मी त्याचा हात धरला, आणि ती सगळी दुपार जागची उठले नाही.